पाठीचं ऑपरेशन : आधी दुखणं ओळखा

हा विषय कृषी खात्याचा नाही, हे मान्य. पण सज्ज्यातली गावं फिरताना खताइतकंच बोलणं कंबरेवर होतं, म्हणून लिहितो.

एका शेतकऱ्यानं कंबर दुखते म्हणून बैलजोडी विकून मणक्यात स्क्रू बसवून घेतले. पायात कळ नव्हती, मुंग्या नव्हत्या. एमआरआयमध्ये गादी झिजलेली दिसली, एवढंच कारण. आज म्हणतात, "साहेब, बैल बी गेले आन् दुखणं बी तसंच ऱ्हायलं." शेजारच्या गावातल्या एका मावशींना पन्नास पावलं चाललं की पाय जड होऊन बसावं लागे. नस दाबली होती. ऑपरेशननंतर त्या बाजाराला चालत जातात. कंबर मात्र अजून धरते.

फरक इथंच आहे. झिजेमुळे पायाकडे जाणारी नस दाबली असेल, तर ती मोकळी केल्यावर पायाची कळ बहुधा कमी होते. नुसत्या कंबरदुखीचा तसा भरवसा नाही. नॉर्वेत गादी झिजून पाठ दुखणाऱ्या ६४ रुग्णांपैकी काहींचे मणके स्क्रूनं जोडले, बाकीच्यांना समजावणी आणि व्यायाम दिला. वर्षभरानं दोन्हीकडे जवळपास सारखाच उतार पडला, असं २००३ साली प्रसिद्ध झालं. एमआरआयचंही तसंच. १९९४ च्या अमेरिकेतल्या पाहणीत पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांपैकी निम्म्यांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या!

म्हणून ऑपरेशनला भिऊन घरी बसा, असं नव्हे. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, जांघेत बधिरपणा आला, पाऊल उचलेना झालं, तर मालिशवाल्याकडे नको. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

तातडी नसेल तर पेरणीच्या तोंडावर ऑपरेशन करू नये, असं माझं मत. जोडलेलं हाड धरायला महिने लागतात, तंबाखू-विडीनं आणखी उशीर होतो. "वाकू नका, उचलू नका" असं डॉक्टर सांगतात. पण ४५ किलोचं युरियाचं पोतं उचलणार कोण? खर्च मांडताना गड्याची मजुरीही मांडा. दवाखान्यात घरचं कर्तं माणूस सोबत न्या आणि स्पष्ट विचारा : कळ कंबरेची जाईल की पायाची? भरलेला फवारणी पंप पाठीवर कधी घेता येईल, की घ्यायचाच नाही?