सूट जावयाचा, शिलाई सासऱ्याची

लग्नाच्या याद्या करायला बसले, की हुंड्याचे नाव कोणी काढत नाही. १९६१ साली कायदा झाला, तेव्हापासून आमची माणसे फार जपून बोलतात. "आमचं काही मागणं नाही, मुलाला एक सूट तेवढा चांगला शिवा." कापड वरपक्षाच्या पसंतीचे, शिंपी सांगलीचा नको, पुण्याचाच हवा, आणि पैसे मात्र मुलीच्या बापाचे!

शिंप्याशी माझे भांडण नाही. छाती, खांदा, बाही यांची मापे घेऊन तो कापड बेततो, कच्च्या टाक्यांवर अंगाला लावून पाहतो, मग आत कॅनव्हास नि अस्तर घालतो. त्या हाताचे मोल झालेच पाहिजे. पण ते कोट अंगात घालणाऱ्याने द्यावे की नाही? बरे, तो कोट घालायचा वैशाखात! नवरदेव बोहल्यावर घामाने निथळतो आहे आणि करवली रुमालाने वारा घालते आहे.

आणि हे कुठे? वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते, त्या काळी नाना पाटलांच्या प्रतिसरकारने हुंड्या-मानपानाला फाटा देऊन गावोगाव 'गांधी विवाह' लावले. त्याच मुलखात! ज्यांच्या आजोबांचे लग्न तसे लागले, त्यांचे नातू आज सासऱ्याला कापडाच्या दुकानात उभा करतात.

तुळशीचे लग्न झाले, की पुन्हा याद्या सुरू होतील. कमावत्या मुलांनो, तीन तुकड्यांचा सूट खुशाल शिवा. मापाला जाताना पाकीट तेवढे स्वतःचे न्या.