उंदरावरची परीक्षा आणि लातूरचा रुग्ण

मराठवाड्यातून मुंबईकडे निघालेल्या देवगिरी, नंदिग्राम वा लातूर एक्स्प्रेसमध्ये टाटा रुग्णालयाची फाईल मांडीवर घेऊन बसलेले एखादे कुटुंब हमखास आढळते. रान गहाण पडलेले असते आणि मनात एकच प्रश्न असतो : हे महागडे औषध आमच्या माणसाला लागू पडेल ना?

या प्रश्नाचे उत्तर आधी उंदराला विचारावे, अशी विज्ञानाची एक दिशा आहे. रुग्णाच्या गाठीचा तुकडा प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या त्वचेखाली रुजवायचा, वाढलेली गाठ आणखी उंदरांत वाटायची, प्रत्येक गटाला निराळे औषध द्यायचे आणि ज्याने गाठ आटेल ते रुग्णासाठी निवडायचे. १९६९ साली कोपनहेगनच्या संशोधकांनी केशहीन उंदरात मानवी गाठ रुजवली, तेथून ही वाट निघाली.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. डॉ. वसंत खानोलकर यांच्या शिष्या डॉ. कमल रणदिवे यांनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांच्या आधारे स्तनाच्या कर्करोगाचा वेध घेतला. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर या विदुषी अकोले तालुक्यातील वनवासी माताबालकांच्या कुपोषणाकडे वळल्या. प्रयोगशाळा आणि पाडा यांत त्यांनी अंतर मानले नाही.

तथापि उंदराच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. गाठ रुजायला महिने लागतात, अनेकदा ती रुजतच नाही. बळावलेल्या रोगाला तेवढी सवड नसते. शिवाय ज्या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही, त्याच्यावर प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांची परीक्षा कशी व्हावी? टाटा रुग्णालयाने २०२२ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रत्यक्ष १५१ रुग्णांवर झाला. मुख व घशाच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी निव्होलुमॅब जोडल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखूने पोखरलेल्या आपल्या भागाला याचे मोल निराळे सांगायला नको. २०२३ साली औषध चाचण्यांचे नियम बदलून मानवी पेशींपासून घडवलेल्या सूक्ष्म अवयवांचा पर्यायही केंद्र सरकारने मान्य केला आहे. मुक्या जिवांच्या दृष्टीनेही हे बरेच झाले.

परंतु 'व्यक्तिगणिक उपचार' म्हणजे केवळ उंदीर नव्हे. स्तनाच्या गाठीत संप्रेरकाला प्रतिसाद देणारे ग्राही आहेत की नाहीत, हे साध्या ऊतिपरीक्षेत कळते. असतील तर टॅमॉक्सिफेनची स्वस्त गोळी तारक ठरते. नसतील तर ती वर्षानुवर्षे घेणे व्यर्थ. एवढ्या उत्तरासाठी लातूरच्या मायमाउलीने मुंबई गाठावी काय? १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय उभे केले, ते आपल्या माणसाला आपल्याच गावी उपचार मिळावेत याच हट्टाने. आता नांदेडच्या विष्णुपुरीतील आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून ग्राहीपरीक्षेचा अहवाल आठवड्याच्या आत व विनाशुल्क हाती पडावा, यासाठी दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी आगामी अधिवेशनात तरतूद मागावी आणि ती मिळेपर्यंत आपण त्यांच्या दाराशी जात राहावे.