मॉलला नावं ठेवण्याआधी



मागच्या रविवारी मंडळात स्वाध्याय संपला, ग्रंथ गुंडाळून ठेवले आणि गप्पा सुरू झाल्या. बोलता बोलता गाडी मॉलवर आली. "मॉलनं पेठ खाल्ली हो," एक काकू म्हणाल्या. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. आमच्या मंडळातल्या निम्म्या घरांचं पेठेत दुकान आहे, तेव्हा मान हलणारच. घरी आल्यावर दाराआडच्या खिळ्याला टांगलेली मॉलची पिशवी दिसली आणि माझं मलाच हसू आलं.

आपल्याकडे मॉल कशाला म्हणायचं याचा काही नियम नाही. चार भिंती, वर गारवा, सरकता जिना आणि दारात बॅग तपासणारा माणूस असला की झाला मॉल. डी-मार्टलाही आपण मॉलच म्हणतो. खऱ्या अर्थाचा बंदिस्त मॉल पहिल्यांदा उभा राहिला १९५६ साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. नाव साउथडेल. तिथली थंडी हाडं गोठवणारी, म्हणून सगळा बाजारच छताखाली घेतला. तो आखणारा व्हिक्टर ग्रुएन हा वास्तुविशारद मूळचा व्हिएन्नाचा. त्याला नुसती दुकानं नको होती. लोकांनी बसावं, भेटावं, बोलावं असा गावचा चौक त्याला छताखाली हवा होता. पुढे त्याची नक्कल करताना लोकांनी चौक गाळला आणि दुकानं तेवढी ठेवली. शेवटी तोच या मॉलांचं पितृत्व नाकारायला लागला!

आपल्या देशात हे वारं १९९९ च्या सुमारास आलं. मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स उघडला तेव्हा बघ्यांची इतकी झुंबड उडाली, की आत जायचं तर मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर पैसे भरा, अशी अट घातली गेली. तेव्हा मोबाईल कुणाकडे होते? टीका झाली, अट गेली. काही वर्षांनी त्या क्रॉसरोड्सचं नावही गेलं. बिग बझार २००१ साली सुरू झाला आणि २०२२ मध्ये त्याच्या पाट्या उतरल्या. एवढ्या मोठ्यांची ही गत, तर लहान गावातल्या मॉलचं काय सांगावं! खाली किराणा आणि वर सिनेमा चालतो, मधल्या मजल्यावरचे गाळे मात्र आज एक, उद्या दुसरं.

पण छताखालच्या बाजारावरचं भांडण याहून कितीतरी जुनं आहे. पुण्याची मंडई १८८६ साली उघडली, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. त्याआधी भाजीवाले शनिवारवाड्यापुढच्या मैदानात उघड्यावर बसत. जोतीराव फुले तेव्हा नगरपालिकेचे सभासद होते, आणि इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून त्यांनी विरोध केला होता. आज त्याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव आहे. त्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्या सातारा जिल्ह्यातलं, म्हणून हे मला जास्तच लक्षात राहिलं.

माझं माहेर साताऱ्याचं. तिथे पेठांना वारांची नावं, शिवाय यादोगोपाळ, मल्हार, चिमणपुरा आहेतच. राजवाड्यापासून मोती चौकातून राजपथानं खाली पोवई नाक्याकडे यायचं, एवढाच आमचा बाजार. सासर सांगलीचं. इथे कापडपेठ, गणपती पेठ, वखारभाग. नावातच धंदा. आमचं दुकान कापडाचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा कापडपेठेत होडी फिरत होती. २००५ च्या पुरात पाणी जिथवर आलं होतं त्या खुणेच्या वर माल बांधून ठेवला होता, तोही भिजला. पाणी ओसरल्यावर चिखलातून साड्यांचे गठ्ठे ओढताना अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, डोळ्यांत मी पहिल्यांदा पाणी पाहिलं. तेव्हापासून ज्याला जमतं तो विश्रामबागच्या उंचावर जागा बघतो. तेव्हा पेठेचं गिऱ्हाईक मॉलनं नेलं हे अर्धंच खरं. थोडं नदीनं नेलं.

आणि थोडं आपण घालवलं. हे घरात बोलले तर वाद होतो, म्हणून इथे लिहिते.

नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला आतले कपडे घ्यायचे होते. पेठेत सगळी दुकानं ओळखीची. गल्ल्यावर कुणाचे मामंजी, कुणाचे दीर. "काय दाखवू वहिनी?" म्हटल्यावर मी रुमाल मागून परत आले! तीनदा आले. शेवटी साताऱ्याहून आईकडून मागवले. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर काळ्या पिशवीत घालून मिळायचं, चोरीचा माल असल्यासारखं. मॉलमध्ये फळीवरून उचललं, मापाचं पाहिलं, टोपलीत टाकलं. कुणी विचारलं नाही. माझ्या वयाच्या बायकांना ही सुटका काय होती ते आमच्या सुनांना सांगून पटणार नाही.

दुसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. सकाळी दहाला घरून निघालेली बाई पेठेत खरेदी करताना पाणीच पीत नाही. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या खेड्यावरच्या बायका आमच्या दुकानात चार-चार तास बसत आणि त्यातली एखादी हळूच मला आत बोलावून विचारायची. मी त्यांना मागच्या बोळातून घरी न्यायची. सगळ्याच दुकानांमागे घर नसतं. मुंबईत यासाठी बायकांनी २०११ पासून राइट टू पी नावाची चळवळ चालवली, नाव ऐकून लोक हसले, पण प्रश्न काही हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मॉलमध्ये आणखी काही नसेल, पण जिन्याच्या बाजूला बाईचं चित्र काढलेलं एक दार असतं. गुडघे धरलेल्या सासूबाईंना टेकायला बाक असतो. मला तर वाटतं, आमचं निम्मं गिऱ्हाईक त्या बाकानं आणि त्या दारानं नेलं, भावात नव्हे.

आता मॉलची दुसरी बाजू. तीही आपल्या घरातलीच आहे. माझ्या आजेसासूबाईंचं परिग्रह-परिमाण होतं. घरात कापडाचं दुकान, आणि त्यांच्या ट्रंकेत लुगडी बारा. तेरावं आलं की आधी एक देऊन टाकायच्या. त्यांना ते जमलं, त्याचं एक कारण मला आता कळतं. पेठेत वस्तू मागावी लागते. मागण्याआधी ती तोंडानं बोलावी लागते, आणि बोलताना मन विचारतं, हवी आहे का गं? मॉलमध्ये बोलायचंच नसतं. हात आपोआप पुढे जातो. एकावर एक फुकट म्हणून आणलेला तो डब्यांचा संच माझ्या माळ्यावर दोन चातुर्मास झाले तसाच आहे, खोक्यातून बाहेरही निघाला नाही. गंमत अशी, की ज्या न विचारण्यानं माझी लाज वाचली, तेच न विचारणं माझ्या घरात पसारा आणतं. या दोन्हींतलं एक खोटं आहे असं मला म्हणता येत नाही. संध्याकाळी मुलं तिथे खायचा हट्ट धरतात, दिवस मावळतीला आलेला असतो, आणि काच बंद असल्यानं आत ऊन की अंधार काही कळत नाही, ती कटकट वेगळीच.

म्हणून मंडळात मी एवढंच म्हटलं, की मॉलवर बहिष्काराचा ठराव मला मान्य नाही. ठराव करायचाच तर आपल्या घरच्या पुरुषांना करायला लावा: दुकानात बायकांच्या कपड्यांच्या विभागात बाई बसवा, भाव चिठ्ठीवर लिहा, दारात बाक टाका, आणि आमच्या ओळीतल्या दुकानदारांनी मिळून बायकांसाठी एक चांगलं शौचालय बांधा. काकू म्हणाल्या, "देवाच्या दारात हे काय बोलतेस!" मी म्हटलं, पूजेच्या साड्या घ्यायला येणाऱ्या बायकांचंच बोलते आहे.

अण्णांनी आधी ऐकून घेतलं नाही. मग परवा दोन बाक आले, सागवानी, पाठ असलेले. सूनबाई आठवड्यातले चार दिवस दुपारी काउंटरवर बसते. शौचालयासाठी मागच्या बोळातली जुनी वखार बघून ठेवली आहे, ओळीतली सात दुकानं वर्गणीला तयार आहेत, आठव्याचं घोडं पाण्याच्या बिलावर अडलंय. आणि एक वाद अजून मिटलेला नाही: कुलपाची किल्ली कुणाच्या दुकानात ठेवायची. मी म्हटलं, माझ्याकडे द्या.