रंग झाला, आता ब्रेक बघा!

मैत्रिणींनो, आमची फियाट एकदाची उभी राहिली! मामंजींनी १९६८ साली घेतलेली, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ११०० डिलाइट. हे निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं अंगणात तिचीच सेवा चालली होती. माझा चकल्यांचा डबा नट-बोल्टांनी भरला, दोन सुती पातळं पुसायला गेली. गेल्या महिन्यात रंग झाला. शेजारीपाजारी बघायला जमले आणि यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "रविवारी सगळ्यांनी वाईला, ढोल्या गणपतीला!"

नातवंडं नाचायला लागली. मी म्हटलं, आधी तुम्ही एकटे गल्लीतून फेरी मारून या. नशीब हो! गल्लीच्या तोंडाशी उतार आहे, तिथे ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढला म्हणून गाडी कशीबशी थांबली. समोर भाजीवाल्या बसल्या होत्या. घरी येऊन हे तासभर बोलले नाहीत.

या जुन्या गाडीत चारही चाकांना एकाच मार्गाने ब्रेक ऑइल जातं. एका ठिकाणी गळलं की चारही ब्रेक गेले. हल्लीच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग असतात, म्हणून आपल्याला ही भीती ठाऊकच नसते. आमच्या मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरातलं रबर वाळून कडक झालं होतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की असंच होतं, आणि बाहेरून काही दिसत नाही.

मग चारही चाकांची रबरं आणि नळ्या ओळखीच्या मेकॅनिककडून बदलून घेतल्या. त्यानंतर ब्रेकमधली हवा काढावी लागते, आणि ते काम एकट्याचं नाही बरं का. आपण आत बसून पेडल दाबून धरायचं, मेकॅनिक चाकापाशी निपल सैल करतो, तेलाबरोबर बुडबुडे बाटलीत येतात. निपल आवळून तो "हं" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. घाई केलीत तर हवा पुन्हा आत! सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची आणि वरच्या डबीतलं तेल संपू द्यायचं नाही. हे तेल नव्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उठतो. (आमच्या मडगार्डावर एक डाग आहे. कुणी सांडलं ते विचारू नका.)

आता आपल्याला जमेल अशी परीक्षा. पेडल जोरात दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जायला लागलं तर काहीतरी बिघडलंय. रात्री गाडीखाली वर्तमानपत्रं पसरा. मधोमध काळा डाग पडला तर बहुधा इंजिनचं तेल, ते सावकाश बघता येईल. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर मात्र गाडी जागची हलवू देऊ नका.

पेट्रोलचा वास आला तरी तेच. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. टायरची नक्षी नवी दिसली तरी भुलू नका, बाजूचे चार आकडे वाचा: ३११२ म्हणजे २०१२ सालचा ३१ वा आठवडा.

कागदांचं म्हणाल तर, यांनी दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण चुकवलं नाही, म्हणून निभावलं. विमा आणि पीयूसीही हवंच. ५० वर्षांवरच्या गाडीची 'विंटेज' नोंदणी करायची सोय २०२१ च्या नियमांनी झाली आहे. हे त्या मोहात होते. पण तशी गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच. मग भाजी कशातून आणायची?

वाईचा बेत तीन आठवडे पुढे गेला. हे रुसले होते. आता मात्र रोज सकाळी एकटेच भाजीला जातात आणि त्याच उतारावर मुद्दाम थांबून बघतात. माझा चकल्यांचा डबा अजून परत मिळालेला नाही.