सोन्याचे कण आणि धाराशिवच्या स्त्रिया

केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा सोन्याचा कण, त्यावर निमिषाच्याही अत्यल्प अंशापुरता पडणारा लेसरचा झोत, आणि भोवतालच्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन उठणारा बुडबुडा. एवढ्याने कर्करोगाची पेशी आतून फाटते. अमेरिकेतील राइस विद्यापीठात द्मित्री लापोत्को यांच्या गटाने उंदरांवर हे करून दाखविले. झोत इतका क्षणिक असतो की उष्णतेला शेजारी पसरण्यास अवसरच मिळत नाही. शिवाय रोगग्रस्त पेशींत या कणांचे पुंजके साचतात. निरोगी पेशीतील सुट्या कणाला तेवढ्या झोताने बुडबुडा उठविता येत नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनीही प्रकाशाने तापणाऱ्या सुवर्णवेष्टित मेदकणांचा उंदरांवरील प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध केला.

असे संशोधन म्हणजे संपन्नांचे चोचले, असे म्हणणे अडाणीपणाचे होय. तथापि ही विद्या रुग्णांच्या नित्य उपचारात अद्याप आलेली नाही. आणि जे आधीच सिद्ध झाले आहे त्याचे आपण काय केले?

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी एक मोठी चाचणी झाली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. निष्कर्ष २००९ मध्ये जगापुढे आले. एचपीव्ही विषाणूची तपासणी केवळ एकदा झालेल्या गटात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणीविना राहिलेल्या, किंचित लहान गटात ६४. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच तपासणीला अग्रक्रम दिला. आपल्या शासनाने मात्र २०१६ च्या मार्गदर्शनात ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त पद्धत स्वीकारली. मुंबईत तिने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटविले हे खरे. पण धाराशिवात तिचा लक्षणीय परिणाम दिसला नव्हता. आणि तीही पोहोचली किती? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी दोन टक्क्यांनाही कधी अशी तपासणी लाभली नव्हती.

विषाणू-तपासणी महाग आहे, हे उत्तर अर्थशास्त्राला पटणारे नाही. मोठा व निश्चित ग्राहक मिळाला की अशा वस्तूची किंमत उतरते, आणि तो ग्राहक शासनाखेरीज दुसरा कोण असणार? उद्या सोन्याच्या कणांचा उपचार आला, तरी गाठ वेळेवर सापडलेली स्त्रीच त्याच्या दारापर्यंत पोहोचेल.

त्या चाचणीत ३१,४८८ स्त्रियांना तुलनेसाठी प्रचलित व्यवस्थेवर सोडण्यात आले होते. त्यांच्या मुली आज तपासणीच्या वयाच्या आहेत. आईच्या गावाने जगाला दिलेली तपासणी त्यांच्या तालुक्याच्या रुग्णालयात कधी येणार?