नाणी तोलणारा गणिती

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. ती तिकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, हाताखाली आठ माणसं. म्हणाली, "मामा, शुक्रवारपर्यंत आठांतल्या एकाला नापास करायचंय. आणि नापास करण्यासारखा एकही नाही हो." मी म्हटलं, मग नको करूस! तर म्हणे कॉम्प्युटर यादीच घेत नाही. वरच्या रकान्यात एक, मधल्यात सहा, खालच्यात एक, असं भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. ह्याला बेल कर्व्ह म्हणतात आणि ते शास्त्रीय आहे, असं तिला वरून सांगण्यात आलंय.

मंडळी, ही घंटा माझ्या जुन्या ओळखीची आहे. मी इतिहास आणि मराठी शिकवणारा मास्तर, गणित माझं मॅट्रिकपुरतं. पण 1980 नंतर कधीतरी आम्हाला एका प्रशिक्षण वर्गात फळ्यावर ती काढून दाखवली होती. चांगल्या परीक्षेत थोडे फार हुशार, थोडे फार ढ आणि बाकी सगळे मधे, असे गुण पडायला हवेत म्हणे. तसे पडले नाहीत तर पेपर चुकला किंवा तपासणारा चुकला. त्याच वर्षी माझ्या आठवीच्या वर्गाने शिवकालाच्या घटक चाचणीत फार सुंदर पेपर लिहिले. महिनाभर जीव तोडून शिकवलं होतं, पोरं नुसती पेटली होती. मुख्याध्यापकांनी गुणपत्रक पाहिलं आणि म्हणाले, "सर, निकाल जरा नैसर्गिक दिसू द्या." मी घरी येऊन लाल पेन घेतलं आणि सहा जणांचे दोन-दोन, तीन-तीन गुण उतरवले. त्यांतला एक विणकराचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, माझं चुकलं कुठं?" कुठेच चुकलं नव्हतं. मी म्हटलं, अक्षर सुधार. अक्षर त्याचं माझ्यापेक्षा चांगलं होतं!

असो. तर ही घंटा आली कुठून? तारे बघणाऱ्यांकडून. एकच ग्रह दहादा मोजला तर दहा वेगळी मापं येतात. त्या चुका कशा विखुरतात हे सांगायला गाउस ह्या जर्मन गणितज्ञाने 1809 साली ती वापरली. पुढे बेल्जियमच्या केतले ह्या खगोलशास्त्रज्ञानेच ती माणसांना लावली. पाच हजारांवर स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं घेतली तर तीही घंटेसारखी पसरतात असं त्याने दाखवलं. इथवर माझी काही तक्रार नाही, कारण मापं खरोखर घेतलेली होती. पण पुढे कधीतरी पाटी उलटी झाली. आधी मापं आणि मग आकृती असं होतं, ते आधी आकृती आणि तीत बसतील अशी मापं असं झालं. शाळेत तेच, कंपनीतही तेच. पाच हजार सैनिकांत जे दिसतं ते मुलाखती घेऊन निवडलेल्या आठ माणसांत का दिसावं? मायक्रोसॉफ्टने माणसांना असं रकान्यांत कोंबणं 2013 साली बंद केलं. भाचीच्या कंपनीपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही.

आता कोणी म्हणेल, मास्तर, दुसऱ्याच्या शास्त्रातलं काही घ्यायचंच नाही का? घ्यावं की! मला तर ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच माणसाचं वाटतं. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म 1907, गोव्याचा. मी त्यांना इतिहासकार म्हणून ओळखायचो. मूळचे ते गणिती, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांच्या हाती तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांचा प्रश्न आला. हजारावर चांदीची नाणी, त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. जुनं कुठलं, नवं कुठलं? कोसंबी म्हणाले, नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकेका नाण्याचं सांगता येणार नाही, पण एका वेळी पाडलेली शेकडो नाणी घेतली तर त्यांचं सरासरी वजन घटत जाणार आणि त्यांच्या वजनातला आपसातला फरक वाढत जाणार. हे संख्याशास्त्र झालं, इतिहास नव्हे. पण नुसतं तेवढं म्हणून ते थांबले नाहीत. आपल्या काळातली, बाजारात फिरणारी हजारो नाणी त्यांनी एकेक करून तराजूत घातली आणि खरंच असं होतं का ते आधी पाहिलं. त्या नाण्यांवर सालं छापलेली, म्हणजे उत्तर पडताळता येतं. मग ते हिशेब तक्षशिलेला लावले. 1941 साली तो अभ्यास छापून आला. अजब बंगल्यात पोरांना जुनी नाणी दाखवायला नेताना मी ही गोष्ट हमखास सांगायचो.

त्याच कोसंबींची दुसरी गोष्ट मात्र मला माझ्या एका विद्यार्थ्याने शिकवली. तो बियाण्यांच्या संशोधनात आहे. घरी आला होता, टेबलावर पुस्तक पाहून म्हणाला, "सर, तुमच्याकडे कोसंबी कसा? आम्ही रोज वापरतो. मला तर तो कोणी जपानी वाटायचा!" पिकाच्या जनुकांचा नकाशा करताना त्यांच्या कॉम्प्युटरवर अंतर मोजायला हॉल्डेन की कोसंबी असं निवडावं लागतं म्हणे. मला त्याने ते सीताबर्डीच्या रस्त्यावर समजावलं. माणूस रस्ता दोनदा ओलांडून पुन्हा पहिल्याच बाजूला आला, तर शेवटी पाहणाऱ्याला वाटतं की ह्याने ओलांडलाच नाही. जनुकांच्या अदलाबदलीतही तसंच होतं, आणि म्हणून अंतर कमी भरतं. हॉल्डेन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1919 साली त्याचं सूत्र दिलं, पण त्यात प्रत्येक ओलांडणं स्वतंत्र धरलं होतं. प्रत्यक्षात एकदा ओलांडलेला माणूस लगेच चार पावलांवर पुन्हा ओलांडत नाही. ही गोष्ट हिशेबात घेणारं सूत्र कोसंबींनी 1944 साली दिलं. वर्धा रोडला कापूस संशोधन संस्थेवरून जाताना आता मला कोसंबींची आठवण होते. कपाशी आणि तक्षशिला!

त्यांचंही सगळंच बरोबर आलं असं नाही. रीमानच्या गणितातल्या प्रसिद्ध कोड्याला त्यांनी संभाव्यतेच्या वाटेने हात घातला, तोही एका शेती-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणितज्ञांनी तो मानला नाही. पुढे 1962 मध्ये टाटा संस्थेतली त्यांची नोकरीही गेली. पण इतिहासात मार्क्सची चौकट घेतानासुद्धा त्यांनी ग्रीस-रोमसारखी गुलामगिरीची पायरी भारतावर ओढूनताणून बसवली नाही. ती इथे तशी दिसत नाही, असं सरळ लिहिलं. हातात काठी घेऊन पुण्याभोवतीच्या टेकड्या तुडवणारा माणूस तो. पायाखाली जे लागलं त्याला त्याने कागदावरच्या चौकटीपेक्षा जास्त मान दिला.

माझं म्हणणं एवढंच आहे की मॉडेल उसनं आणणाऱ्याने स्वतःच्या बाजारातली नाणी आधी तोलावीत. पगारवाढ, नोकरी, पोराचे गुण ज्याने ठरणार आहेत त्याला तर ही सूट अजिबात नाही. आणि ताऱ्यांना घंटेचं काही सोयरसुतक नसतं हो, माणसाला असतं. आम्हा मास्तरांनी ते तोलणं केलं नाही. वरून आलं म्हणून फळ्यावरून वहीत आणि वहीतून पोरांच्या गुणपत्रकात उतरवलं. शिक्षण खात्यालाच कशाला बोल लावू, लाल पेन माझ्याच हातात होतं.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं, नाण्यांसकट. शांतपणे ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "मामा, मी तोलीन हो. पण आठ माणसांचं वजन सारखं भरलं तर कॉम्प्युटरला काय सांगू?" मी म्हटलं, त्या आठांबद्दल तुला जे माहीत आहे ते एका कागदावर लिही आणि साहेबाच्या टेबलावर ठेव. साहेब काय म्हणेल ते तिला माहीत होतं, मलाही थोडं थोडं माहीत होतं. ती हो म्हणाली.

त्या शुक्रवारी काय झालं ते तिने अजून सांगितलेलं नाही. परवा फोन झाला तर नुसत्या संत्र्यांच्या गप्पा. मीही विचारलं नाही.