सवय होते म्हणे

“नजर समोर. पावलं लहान. आधी टाच, मग चवडा.” हॉटेलच्या फ्रंट ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये आम्हा मुलींना चार इंची हिल्स घालून फरशीच्या सांध्यांवरून चालवलं. त्याच वेळी मुलगे सपाट बुटांत चेक-इन शिकत होते. म्हणजे त्यांना काम शिकवलं आणि आम्हाला चालणं. ते तर आम्ही वर्षाच्या असतानाच शिकलो होतो!

“सवय होते,” मॅडम म्हणायच्या. होते ना. रोज उंच टाचा घातल्या की पोटऱ्या आखडतात, मग साधी चप्पल घातली तरी ओढ बसते. वजन चवड्यावर पडून बोटं चेपतात ती वेगळीच. याला आपण सवय म्हणतो.

“पण मला आवडतात हिल्स!” घाल की बाई. मीही लग्नात घालते आणि जेवायला बसताना काढून ठेवते. आठ तासांच्या शिफ्टमध्ये काढता येतात का, ते सांग. जपानमध्ये युमी इशिकावानं २०१९ साली याच सक्तीविरुद्ध ‘कुटू’ मोहीम उभी केली. जपानीत कुत्सु म्हणजे बूट आणि कुत्सू म्हणजे वेदना. दोन्ही त्या नावात आहेत. फिलिपिन्सच्या कामगार खात्यानं तर २०१७ मध्येच उंच टाचांची सक्ती करू नका, असा आदेश काढला. आपल्याकडे ‘ग्रूमिंग’ म्हटलं की सगळे गप्प.

शेवटच्या दिवशी मी विचारलं, “काउंटरमागचे पाय गेस्टला दिसतात का?”

“पाय नाही दिसत गं,” मॅडम म्हणाल्या, “पण तू ताठ उभी दिसतेस.”